काच, कर आणि कोंबडी

मोटारींच्या इतिहासावरची गुळगुळीत कागदाची, टेबलावर मांडून ठेवायची पुस्तकं चाळली की मोटार ही प्रतिभेची लेक आहे असा समज होतो. तुरिनमधला कुणीतरी गळ्यात रुमाल बांधलेला गृहस्थ पेन्सिल उचलतो, कागदावर एक रेघ ओढतो, त्या रेघेचं पुढे बॉनेट होतं, मडगार्ड होतं आणि पन्नास वर्षांनी लिलावात तिच्यावर कोट्यवधींची बोली लागते. पुस्तकात त्या गृहस्थाचा पानभर फोटो असतो. त्याच्या कुत्र्याचाही असतो. करखात्यातल्या कारकुनाचा मात्र शेवटच्या पानापर्यंत कुठे सापडत नाही. हा अन्याय आहे. रस्त्यावरून धावणाऱ्या निदान एका जातीच्या वाहनाचा आकार पेन्सिलीने कमी आणि कारकुनाच्या लाल शाईने जास्त ठरवला आहे. ते वाहन म्हणजे मोटारीच्या पोटी जन्मलेली छोटी डिलिव्हरी व्हॅन.

ही व्हॅन आपल्याकडे फारशी रुजली नाही. आपण माल वाहायला हातगाडी धरली, मग तीनचाकी टेम्पो धरला, मग छोटा हत्ती आला. मोटारीला माल वाहायला लावणं म्हणजे आपल्याला जावयाला पाणी भरायला लावल्यासारखं वाटतं. युरोपात असा संकोच नव्हता. तिथे पाववाला, खाटीक, फुलवाली, नळ दुरुस्त करणारा आणि पोस्टमन या सगळ्यांचं पोट या व्हॅनवर चाललं.

समोरून बघितलं तर ती पूर्ण मोटार. तेच दिवे, तेच बॉनेट, तेच दोन दरवाजे. ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत आलं की मात्र कारखान्याचा हात एकदम आखडतो. मागचं बाक नाही, गाद्या नाहीत, छताला कापड नाही. त्या जागी सपाट तळ, उंच छप्पर, दोन्ही बाजूंना कोरा पत्रा आणि मागे दुपाखी दार. स्टेपनी तळाखाली सरकवलेली. मागची स्प्रिंग जास्त कडक, कारण बटाट्याच्या पोत्याला धक्के बसले तरी ते घरी गेल्यावर त्याबद्दल बोलत नाही.

कारखान्याच्या दृष्टीने यात शहाणपण होतं. मोटार बनवताना पैसा गिळतात ते पत्र्याला आकार देणारे मोठमोठे साचे. पुढच्या अर्ध्या भागाचे साचे मोटारीसाठी आधीच केलेले. मागचा अर्धा भाग इतका सरळसोट की त्याला प्रतिभा लागतच नाही. इंजिन तेच, गिअर तेच, सुट्या भागांचं दुकान तेच. मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला व्हॅन दुरुस्त करायला नवं काही शिकावं लागत नाही. फक्त मागे वास कशाचा येतो आहे याकडे दुर्लक्ष करायला शिकावं लागतं.

इथवर सगळं सरळ आहे. गोम आहे ती त्या कोऱ्या पत्र्यात. तिथे काच का नाही? भोळा माणूस म्हणेल, पावाच्या लाद्यांना बाहेरचं दृश्य बघायचं नसतं म्हणून. खरं उत्तर लंडनच्या सरकारी तिजोरीत आहे, आणि ते बरंच जुनं आहे.

इंग्रज सरकारचा खिडकीवर फार पूर्वीपासून डोळा. १६९६ साली तिसऱ्या विल्यमच्या राज्यात घराच्या खिडक्या मोजून कर बसवण्याची पद्धत सुरू झाली. ज्याच्या घराला खिडक्या जास्त तो श्रीमंत, असा साधा हिशोब. प्रजेचा हिशोब त्याहून साधा निघाला. लोकांनी गवंड्याला बोलावलं आणि खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. हा कर १८५१ पर्यंत टिकला. इंग्लंडातल्या जुन्या घरांच्या भिंतींत बुजवलेल्या खिडक्यांचे चौकोन आजही दिसतात. कर वाचवण्यासाठी अंधारात बसायची तयारी असलेल्या या देशात पुढे मोटारी आल्या, तेव्हा काय होणार हे कुणा ज्योतिषाला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनने खरेदी कर आणला. चैनीच्या वस्तूंवर कर, आणि मोटार ही अर्थातच चैन. युद्ध संपलं तरी कर संपला नाही. कर सहसा तेवढ्यासाठी परत जात नाहीत. धंद्याची वाहनं मात्र या करातून मोकळी होती. आता धंद्याचं वाहन ओळखायचं कसं? दुकानदाराच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून खूण ठरली ती काचेची. ड्रायव्हरच्या मागे दोन्ही बाजूंना खिडक्या असतील तर आत माणसं बसणार, म्हणजे चैन. खिडक्या नसतील तर आत माल, म्हणजे धंदा. माणूस आणि माल यांच्यातला फरक तत्त्वज्ञांना अडीच हजार वर्षांत इतक्या थोडक्यात सांगता आला नव्हता.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये ॲलेक इसिगोनिस यांची मिनी बाजारात आली. इंजिन आडवं बसवून, पुढची चाकं फिरवून, जेमतेम दहा फुटांत चार माणसं बसवणारी ही गाडी म्हणजे विसाव्या शतकातल्या इंजिनिअरिंगचा एक चमत्कार मानतात, आणि तो मान रास्त आहे. साध्या मिनीची किंमत करासकट सुमारे ४९७ पौंड. यातले जवळजवळ १४७ पौंड कराचे. म्हणजे इसिगोनिस यांनी इंच इंच वाचवून जे कमावलं, त्यावर सरकारने काहीही न वाचवता आपला हात मारला.

१९६० साली मिनीची व्हॅन आली. किंमत ३६० पौंड. हिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर मोटारीपेक्षा ४ इंच जास्त, एकूण लांबी आणखी जास्त, म्हणजे पत्रा जास्त, जागा जास्त. फरक इतकाच की पुढच्या चकचकीत जाळीऐवजी पत्र्यातच चिरा पाडलेल्या, आणि मागे बाजूंना काच नाही. जास्त गाडी घ्या आणि १३७ पौंड कमी द्या, असा सौदा समोर आल्यावर इंग्रज गृहस्थाने काय करावं? कारखान्यातल्या कामगाराला तेव्हा आठवड्याला चौदा-पंधरा पौंड मिळत. दोन महिन्यांहून जास्त पगार केवळ मागे बघायची हौस सोडली तर वाचत होता. त्याने हौस सोडली.

अशा रीतीने पावाचा किंवा मटणाचा कधी संबंध न आलेल्या सभ्य कुटुंबांनी डिलिव्हरी व्हॅन घेतली. नवरा-बायको पुढे, मुलं मागे पत्र्यावर घातलेल्या उशांवर. रविवारी सहल निघाली की आई पुढून निसर्गाचं धावतं वर्णन करायची आणि मुलांनी मागे अंधारात त्यावर विश्वास ठेवायचा. आता गाय आली, आता पूल आला, आता समुद्र दिसतोय. समुद्र खरोखर होता की नाही ते दार उघडल्यावर कळायचं. एखाद्या हौशी बापाला वाटलं की पत्रा कापून काच बसवून घ्यावी, तर काच बसल्याक्षणी गाडी करपात्र. खिडकी उघडली की पहिली झुळूक सरकारकडून येणार. तेव्हा खिडकी नकोच.

सांगायचं म्हणजे ही व्हॅन म्हणजे काही आडगिऱ्हाइकी माल नव्हता. १९८३ पर्यंत ती बनत राहिली आणि पाच लाखांहून जास्त खपली. वाटेत बंद पडलेल्यांच्या मदतीला धावणाऱ्या ऑटोमोबाइल असोसिएशनच्या माणसांनी ती पिवळ्या रंगात चालवली. पोलिसांनी तीत कुत्रे नेले. मागे अंधारात बसूनही ज्यांनी कधी तक्रार केली नाही असे प्रवासी बहुधा तेवढेच.

आता करखात्याला सगळंच श्रेय देणंही बरोबर नाही. या व्हॅनच्या शरीरावर आणखी एका सरकारी खात्याने हात फिरवला आहे, ते म्हणजे टपालखातं. ब्रिटनचं टपालखातं हे या गाड्यांचं अवाढव्य गिऱ्हाईक. मोरिस मायनर ही इसिगोनिस यांचीच आधीची निर्मिती, १९४८ सालची. तिचा गोलमटोल नमुना प्रथम बघून कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांनी ही तर पोच केलेलं अंडं दिसते, असं म्हणून नाक मुरडलं होतं. मालकांच्या नापसंतीची गिऱ्हाइकांना कल्पना नसल्यामुळे ती १९६१ पर्यंत दहा लाख खपली. ब्रिटिश मोटारींत हा आकडा गाठणारी पहिली तीच. १९५३ मध्ये तिची व्हॅन निघाली आणि टपालखात्याने ती लाल रंगात पत्रांसाठी आणि हिरव्या रंगात, टपावर शिडी बांधून, टेलिफोनच्या कामासाठी घेतली.

पण घेताना एक अट घातली. सुरुवातीच्या टपाल व्हॅनना पुढची मडगार्डं रबराची हवीत. कारण उघड होतं. दिवसभर अरुंद गल्ल्यांत, गोदामांत, एकमेकांना चिकटून लावलेल्या गाड्यांमध्ये व्हॅन घालायची म्हणजे पोस्टमन कुठे ना कुठे ठोकणार. पत्र्याचं मडगार्ड असेल तर प्रत्येक धडकेनंतर पोचा काढा, रंग मारा, खुलासा मागवा, खुलाशावर शेरा मारा. रबराचं मडगार्ड धडकतं आणि आपल्या मूळ जागी येतं. चौकशी समिती नेमायला काही शिल्लकच राहत नाही. त्या रबरावर दिवा घट्ट बसेना, म्हणून तो मडगार्डच्या वर वेगळा बसवला, आणि ती व्हॅन भुवया उंचावून बघत असल्यासारखी दिसू लागली. जगभरची सरकारी खाती माणसं सुधारण्याच्या योजना आखतात. या एका खात्याने माणसं आहेत तशी धरली आणि मडगार्ड सुधारलं. प्रशासनाच्या इतिहासात असे प्रसंग थोडे.

जर्मन टपालखातं याहून काटेकोर. त्यांनी फोक्सवागेनला सांगितलं की आम्हाला मोजून मापून आमच्या कामाची व्हॅन पाहिजे: सरकती दारं, म्हणजे रस्त्यावरच्या सायकलवाल्याला दार लागणार नाही, आणि बसल्या जागेवरून पत्रांपर्यंत हात पोचला पाहिजे. फोक्सवागेनने हो म्हटलं, आणि नवीन भाग करण्याचा खर्च वाचवण्यासाठी आपलं घर धुंडाळलं. इंजिन बीटलचं, तळ कारमान घिया या स्पोर्ट्स मोटारीचा, दिवे तिसऱ्याच मोटारीचे, मागचं झाकण मोठ्या व्हॅनचं. १९६४ ते १९७४ या काळात असे सुमारे सहा हजार नग निघाले. लोकांनी या वाहनाचं नाव ठेवलं फ्रिडोलिन. ज्या स्पोर्ट्स मोटारीच्या तळावर तरुण मंडळींनी समुद्रकिनाऱ्यावर फिरायचं, त्याच तळावर जर्मन पोस्टमन वीजबिलं वाटत फिरला. बीटलचं ३४ अश्वशक्तीचं इंजिन असल्यामुळे बिलं वेळेआधी पोचण्याचा धोका नव्हता.

फ्रान्समध्ये मात्र गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे व्हॅनचा उगम कारकुनाच्या टेबलावर न होता शेतात झाला. सिट्रोएनचे प्रमुख पिएर-ज्युल बुलांजे यांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या इंजिनिअरांना एक अपेक्षापत्र दिलं. लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे, ताशी ६० किलोमीटर, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल. वर आणखी एक अट: नांगरलेल्या शेतातून गाडी नेली तरी टोपलीतलं एकही अंडं फुटता कामा नये. दिसण्याबद्दल अपेक्षा शून्य. इंजिनिअर मंडळी शून्यावर खरी उतरली. १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात टू सीव्ही लोकांसमोर आली, ३७५ सीसीचं इंजिन आणि ९ अश्वशक्ती घेऊन, आणि पत्रकार हसले. गिऱ्हाइकांनी मात्र रांगा लावल्या. काही वर्षं थांबावं लागेल असं सांगूनही रांग हलेना. टोपलीभर अंडी सुखरूप नेणारी गाडी दिसायला कशी आहे हे अंडी असलेल्या माणसाने कधी विचारलेलं नाही.

तिची व्हॅन १९५० च्या प्रदर्शनात आली आणि पुढच्या वर्षी विकायला लागली. इंजिन तेच नऊ घोड्यांचं. वजन वाहायची मुभा २५० किलो. म्हणजे बटाट्यांचं एक पोतं होतं त्याची पाच झाली, घोडे मात्र वाढले नाहीत. मागच्या डब्यासाठी जाड पत्रा परवडत नव्हता आणि पातळ पत्रा डुगडुगत होता. उपाय म्हणून पत्र्याला आपल्याकडच्या पडवीच्या छपराला असतात तशा पन्हळी पाडल्या. पन्हळ पाडली की पातळ पत्राही ताठ राहतो, आतून सांगाडा लागत नाही, वजन वाढत नाही. आज त्या पन्हळीदार व्हॅनला पॅरिसच्या फॅशनवाल्यांनी डोक्यावर घेतलं आहे. तीत बसून कॉफी विकतात, लग्नाचे फोटो काढतात. ज्या गोष्टीमुळे ती सुंदर ठरली ती गोष्ट पत्र्याचे पैसे वाचवण्यासाठी केली होती, हे नव्या नवरीला कुणी सांगू नये.

ही व्हॅन बारा लाखांहून जास्त बनली. फ्रेंच टपालखात्याने ती पिवळी करून घरोघर फिरवली. आणि गंमत बघा, इंग्लंडात लोक काच काढून कर वाचवत असताना फ्रेंचांनी याच व्हॅनला मागे खिडक्या बसवल्या, काढता-घालता येणारं बाक दिलं आणि त्या रूपाला ‘वीकएंड’ असं नाव देऊन विकलं. आठवडाभर कोबी, रविवारी सासूबाई. दोघांनाही उजेड.

प्रतिस्पर्धी रनो कंपनीने १९६१ मध्ये आपल्या रनो फोरची व्हॅन काढली आणि तिच्यात एक निराळीच सोय ठेवली. मागच्या दाराच्या वर, छपराच्या टोकाला, एक छोटं झाकण. शिडी, नळ किंवा गालिचाची गुंडाळी गाडीपेक्षा लांब असली तर दार बंद करायचं आणि ते झाकण उघडून वस्तूचं तोंड बाहेर काढायचं. फ्रेंच लोक या झाकणाला जिराफाचं पिल्लू म्हणतात. आपल्याकडे लांब सळया टेम्पोच्या बाहेर काढून टोकाला लाल चिंधी बांधतात, तीच ही व्यवस्था, फक्त चिंधीऐवजी बिजागरी.

या व्हॅनच्या जातीचा आणखी एक गुण म्हणजे चिकाटी. मोटारीला दर चार वर्षांनी नवं रूप लागतं, कारण शेजाऱ्याने नवी घेतलेली असते. पाववाल्याचा शेजारी त्याच्या व्हॅनवर जळत नाही, त्यामुळे तिला मरायचं काही कारण उरत नाही. ऑस्टिन ए ३५ ही मोटार १९५६ ला आली आणि १९५९ ला संपली. तिची व्हॅन १९६८ पर्यंत बनत होती. व्हॉक्सहॉल व्हिवा एचए ही मोटार १९६६ मध्ये काळाच्या पडद्याआड गेली, पण बेडफर्ड हे नाव लावलेली तिची व्हॅन १९८३ पर्यंत म्हणजे पुढची सतरा वर्षं ब्रिटनचे टेलिफोन दुरुस्त करत राहिली. शोरूमच्या काचेमागे जी तीन-चार वर्षंच मिरवली, तिचा अर्धा देह पत्रं आणि पाव घेऊन दोन दशकं फिरला.

अशा गाड्यांवर जीव जडवणारी माणसंही तशीच. १९७६ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता जेम्स हंट ताशी तीनशेच्या आसपासच्या वेगाने नाव कमावून निवृत्त झाला आणि पुढे बजरीगर पक्षी पाळण्यात रमला. त्याच्याकडची लाडकी गाडी होती ऑस्टिन ए ३५ व्हॅन. पक्षी घेऊन प्रदर्शनांना जायला ती बरी पडायची. वॉलेस आणि ग्रोमिट या मातीच्या बाहुल्यांच्या जोडीनेही २००५ च्या आपल्या चित्रपटात भाज्या कुरतडणाऱ्या सशांना पकडायला हीच व्हॅन वापरली. जगातला एक विश्वविजेता आणि एक चिकणमातीचा कुत्रा यांचं ज्या गाडीवर एकमत झालं तिच्यात काहीतरी असलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये हा काचेचा खेळ १९७३ पर्यंत रंगला. त्या वर्षी खरेदी कर गेला आणि मूल्यवर्धित कर आला. त्याने व्हॅनलाही सोडलं नाही, आणि केवळ स्वस्त म्हणून मुलांना अंधारात बसवणाऱ्या बापांची पिढी ओसरली. पण काच सुटली नाही. व्यापाऱ्याला व्हॅनवर भरलेला कर परत मागता येतो, मोटारीवरचा सहसा येत नाही. त्यामुळे मोटारीपासून केलेली व्हॅन म्हणजे नक्की काय, मागे बाक किंवा बाक बसवायची सोय आहे का, तळ सपाट आहे का, काच बंद केली आहे का, याची व्याख्या ब्रिटनच्या करखात्याला आजही सांभाळावी लागते. २०२० मध्ये तर तिथल्या अपील न्यायालयासमोर कोका-कोलाच्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या मोठ्या गाड्यांचा खटला आला. त्यांत मागे माल होता, मध्ये बाकही होतं, बाजूला काचही होती. विद्वान न्यायमूर्तींनी सखोल विचार करून निर्णय दिला की या मोटारी आहेत. रस्त्यावरचं शेंबडं पोरही सांगू शकेल अशी गोष्ट ठरवायला कायद्याला वर्षं लागतात, कारण पोराला त्यावर कर भरायचा नसतो.

इथे वाचकाला वाटेल, संपलं. पण अजून कोंबडी यायची आहे.

१९६० नंतर अमेरिकेतून पश्चिम जर्मनीत स्वस्त कोंबड्या एवढ्या जायला लागल्या की युरोपातले कुक्कुटपालक हैराण झाले. युरोपच्या सामाईक बाजाराने त्या कोंबड्यांवर जकात वाढवली. अमेरिकेने बदला घ्यायचं ठरवलं. १९६३ च्या डिसेंबरात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी चार युरोपीय वस्तूंवर २५ टक्के कर बसवला: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. म्हणजे आमच्या कोंबड्या खात नाही ना, मग तुमच्या व्हॅन आमच्या अंगणात नकोत. काळाच्या ओघात स्टार्च सुटला, ब्रँडी सुटली. हलक्या ट्रकवरचा कर बसला तो बसलाच. मोटारीवर मात्र पुढे बरीच वर्षं अडीचच टक्के होता. पुन्हा तोच जुना सवाल समोर: आत माणूस की माल?

इंग्रजांनी याचं उत्तर काच काढून दिलं होतं. फोर्डने काच लावून दिलं. २००९ पासून फोर्डने ट्रान्झिट कनेक्ट ही छोटी व्हॅन तुर्कस्तानातून अमेरिकेला आणायला सुरुवात केली. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला मागे खिडक्या, मागे बाक, पट्टे. म्हणजे सज्जन प्रवासी मोटार, अडीच टक्के भरा आणि चला. जकात भरून झाली की बाल्टिमोर बंदरातल्या शेडमध्ये गाड्या जायच्या. तिथे माणसं पान्हे घेऊन तयारच. बाक उचकटून भंगारात. काच काढून तिथे पत्रा. थोड्या वेळाने शेडच्या दुसऱ्या बाजूने डिलिव्हरी व्हॅन बाहेर. जन्मभर कुणाचंही बूड न टेकलेली ती बाकं समुद्र ओलांडून आली आणि थेट भंगारात गेली. एवढ्या लांबचा प्रवास, तोही सहलीशिवाय.

सरकारी वकिलांनी मग त्या बाकांची बारकाईने पाहणी केली. त्यांना डोकं टेकायला उशी नव्हती, बनावट स्वस्तातली होती. बसण्यासाठी केलेलं बाक असं असतं का? २०१७ मध्ये एका न्यायालयाने फोर्डच्या बाजूने कौल दिला, २०१९ मध्ये वरच्या न्यायालयाने तो उलटवला, आणि शेवटी २०२४ मध्ये फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. जगात सर्वांत महाग बाक कुठलं, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर तयार ठेवावं.

आपण हे वाचून हसतो, पण आपल्या दारातली गाडी एकदा मागून बघावी. २००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे कोणती? चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० पर्यंत. घोषणा होताच देशभरच्या कारखान्यांत टेप निघाले. २००८ मध्ये पुण्याच्या टाटा मोटर्सने इंडिगोची डिकी आखूड करून इंडिगो सीएस काढली. चार मीटरच्या रेषेत बसवण्यासाठी २०१२ मध्ये मारुतीच्या डिझायरची डिकीही छाटली गेली. सुटीत गावाला निघालेल्या कुटुंबाने शेवटची पिशवी मांडीवर घेतली ती या कायद्यामुळे. लंडनच्या पोरांनी पौंड वाचवायला समुद्र गमावला, आपण टक्के वाचवायला डिकी गमावली. हिशोब सारखाच, फक्त आपल्याकडे काच शाबूत राहिली, आणि तिच्यातून डिकीत न मावलेलं सामान स्पष्ट दिसतं.

या सगळ्या धांदलीत एक जुनं कोडं मात्र कायमचं सुटलं आहे, आणि त्याचं श्रेय छोट्या डिलिव्हरी व्हॅनला द्यायला हवं. आधी अंडं की आधी कोंबडी? बुलांजे यांची टोपलीतली अंडी १९३० नंतरची. नफील्ड यांचं पोच केलेलं अंडं त्यानंतरच्या दशकातलं. जॉन्सन यांची कोंबडी १९६३ ची. म्हणजे आधी अंडं, मग कोंबडी, याला कागदोपत्री पुरावा आहे. आणि दोघांच्याही आधी, १६९६ पासून, खिडकीखाली वही उघडून करवसुलीवाला बसलेला आहे.